साठीनंतरचं लायसन नूतनीकरण: कार्डाला चार, तपासणीला एक

परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवरून ज्येष्ठांचं लायसन रिन्यू करण्याच्या सेवेला एकच गुण देता येत नाही. कार्ड मिळवून देण्याचं काम ती बऱ्यापैकी करते. या माणसानं आणखी पाच वर्षं गाडी चालवावी का, हे सांगण्याचं काम ती जवळजवळ करतच नाही. घोटाळा असा की घरोघरी कार्ड हातात पडलं की तोच निकाल धरला जातो. ‘आरटीओनं पाच वर्षांचं दिलंय, मग तुम्ही कोण सांगणार?’ यापुढे मुलाचं आणि सुनेचं काही चालत नाही. म्हणून इथे दोन्ही बाजू बघू: सेवा कशी वापरायची, आणि तिनं सोडलेली तपासणी घरच्या घरी कशी करायची.

आधी मुदतीचं गणित. मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली. तेव्हापासून खाजगी गाडीचं लायसन वय पन्नास ते पंचावन्नच्या दरम्यान रिन्यू केलं तर साठाव्या वर्षापर्यंत चालतं, आणि पंचावन्न उलटल्यावर दर वेळी पाच वर्षांचं मिळतं. वरची वयोमर्यादा कायद्यात नाही. ६१ वर्षांच्या माणसाला पाच वर्षं आणि ७९ वर्षांच्या माणसालाही पाचच. ब्रिटनमध्ये सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी रिन्यू करावं लागतं, तेही स्वतःच्या घोषणेवर. जपानात पंचाहत्तरीनंतर स्मृती आणि आकलनाची चाचणी दिल्याशिवाय लायसन पुढे सरकत नाही. आपल्या कायद्यात या वयासाठी वेगळी पायरीच नाही. ऐंशीच्या आसपास पाच वर्षं हा फार मोठा काळ असतो. मोतीबिंदू, मधुमेह, गुडघे, विसरभोळेपणा यांतलं बरंचसं एकाच मुदतीत येऊन जातं.

त्याच दुरुस्तीनं आणखी दोन गोष्टी बदलल्या. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस लायसन चालायचं, ती सवलत गेली. आता दुसऱ्याच दिवसापासून तुम्ही विनापरवाना. विनापरवाना चालवण्याला ५,००० रुपये दंड आहे, आणि तशी गाडी चालवू देणाऱ्या मालकालाही वेगळे ५,०००. अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमाही अडकतो. दुसरी गोष्ट सोयीची आहे: मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. मुलांकडे अमेरिकेला सहा महिने जाऊन राहणाऱ्या आईवडिलांनी ही नक्की वापरावी. मुदत संपून एक वर्ष उलटलं तर मात्र वाहन चाचणी पुन्हा द्यावी लागते. पुण्यात चारचाकीची चाचणी भोसरीला आयडीटीआर या वाहनचालन प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर होते. चाळीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसालाही तिथे चढावर थांबवलेली गाडी मागे न घसरता पुढे काढून दाखवावी लागते.

पोर्टलवरचा प्रवास असा. सारथीवर महाराष्ट्र निवडायचं, लायसनसंबंधी सेवांमध्ये शिरून लायसन क्रमांक आणि जन्मतारीख टाकायची, नूतनीकरण निवडायचं, नमुना १ म्हणजे स्वयंघोषणा भरायची, नमुना १ए म्हणजे डॉक्टरांचा दाखला जोडायचा, फोटो-सही चढवायची आणि पैसे भरायचे. नूतनीकरणाचे २०० रुपये, स्मार्ट कार्डाचे २००, वर टपालाची किरकोळ रक्कम. आधारच्या ओटीपीवर ओळख पटली तर महाराष्ट्रात हे काम आरटीओत न जाताही होतं.

अडतं ते तीन ठिकाणी. आधारवरचं नाव ‘कृष्णाजी’ आणि लायसनवर ‘के. जी.’ असलं की ओळख जुळत नाही. अशा वेळी आधी आधार किंवा लायसन यांपैकी एक दुरुस्त करून घ्यावं, त्याच स्क्रीनवर दहा वेळा प्रयत्न करू नये. दुसरं, जुनं पुस्तकी लायसन. त्याची नोंद संगणकावर कधी चढलेलीच नसते, त्यामुळे पोर्टल ‘माहिती उपलब्ध नाही’ म्हणतं. ते घेऊन मूळ आरटीओत जायचं आणि बॅकलॉग एंट्री करून मागायची, त्यानंतरच पोर्टल हलतं. तिसरं म्हणजे आधारला जोडलेला मोबाइल. तो नेमका मुलाचा असतो आणि मुलगा बेंगळुरूला. कार्ड टपालानं येतं. घर बंद असलं तर परत जातं आणि मग ते आरटीओतूनच सोडवावं लागतं. एवढं सांभाळलं तर एजंटची गरज नाही. कार्ड मिळवण्याच्या भागाला पाचपैकी चार.

आता नमुना १ए. चाळिशीनंतर हा दाखला लागतोच, आणि त्यावर नोंदणीकृत डॉक्टरची सही लागते. त्यात विचारलंय काय? दृष्टीदोष आहे का, असल्यास चष्म्यानं सुधारलाय का. तीव्र रंगांधळेपणा आहे का. चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट दिसते का. हॉर्न ऐकू येणार नाही इतका बहिरेपणा आहे का. रातांधळेपणा आहे का. हातपाय, सांधे यांत गाडी चालवायला अडथळा ठरेल असं व्यंग आहे का. प्रश्न वाईट नाहीत. पण ते साधारण ‘आहे का, नाही का’ या जातीचे आहेत, आणि वयाबरोबर जे झिजतं ते आहे-नाहीच्या मधोमध झिजतं. त्यातून दाखला देणाऱ्या डॉक्टरनं माणसाला खुर्चीवरून उठवलंसुद्धा नाही, अशी तपासणी ज्याला नवीन वाटेल असा वाचक विरळा. या भागाला एक गुण, तोही नंबरप्लेटच्या प्रश्नासाठी.

कारण तो प्रश्न खरंच उपयोगाचा आहे, आणि घरी अचूक करता येतो. उच्च सुरक्षा पाटीवर चारचाकीची अक्षरं ६५ मिलिमीटर उंच असतात. २५ मीटरवरून ती डोळ्याशी सुमारे ९ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोन करतात, आणि दृष्टीच्या तक्त्यावर ६/६ ची ओळ ५ कलांची असते. म्हणजे पाटी वाचता येणं म्हणजे जेमतेम ६/११ च्या आसपासची नजर. ही किमान पातळी झाली. हीच जमत नसेल तर पुढचं काही तपासायची गरज नाही, किल्ली ठेवून आधी डोळ्यांचे डॉक्टर गाठायचे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक खण साधारण अडीच मीटर रुंद असतो, म्हणजे दहा खण मोजले की २५ मीटर. अनोळखी गाडी निवडा. स्वतःच्या गाडीचा नंबर पाठ असतो आणि माणूस मनातूनच वाचतो. आधी दोन्ही डोळ्यांनी, मग एकेक डोळा तळहातानं झाकून, रोजचाच चष्मा लावून. हाच खेळ संध्याकाळी साडेसहाला पुन्हा करा. दुपारी धडाधड वाचलेली पाटी संध्याकाळी अंदाजानं वाचली जात असेल तर रात्रीचं चालवणं बंद करायची वेळ आली. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळटतं. चष्म्याचा नंबर वाढवून हे भरून निघत नाही.

नमुन्यात जे विचारलेलंच नाही, ते जास्त महत्त्वाचं.

पहिलं, नजरेचा परीघ. काचबिंदूत कडेची नजर जाते आणि मधली शेवटपर्यंत शाबूत राहते. असा माणूस नंबरप्लेट खाडखाड वाचतो, आणि डावीकडून घुसलेली स्कूटर त्याला दिसतच नाही. त्याला स्वतःला ते कळत नाही, कारण मेंदू रिकामी जागा भरून काढतो. ‘तो कुठून आला कोण जाणे’ हे वाक्य वर्षभरात दोनदा ऐकू आलं तर ज्याला पेरिमेट्री म्हणतात ती फील्डची तपासणी करून घ्यावी. घरात कोणाला काचबिंदू असेल तर वाक्याची वाट बघू नये.

दुसरं, समोरच्या दिव्यांचा त्रास. आपल्याकडे डिपर मारण्याची सवयच राहिली नाही, सगळे अपरवर. सुरुवातीचा मोतीबिंदू असला की त्या उजेडाचं धुकं होतं, आणि दिवा निघून गेल्यावर रस्ता पुन्हा दिसायला लागायला वेळ लागतो. ताशी ६० किलोमीटरनं गाडी सेकंदाला पावणेसतरा मीटर जाते. तीन सेकंद अंधारी राहिली तर पन्नास मीटर आंधळ्यानं गेली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय आणि दुसऱ्याचं व्हायचंय, हा मधला काळ तर फार फसवा. दोन डोळ्यांच्या नंबरांत फरक पडतो आणि अंतराचा अंदाज चुकतो. डॉक्टर म्हणाले ‘आता टीव्ही बघा’, म्हणून गाडी चालते असं नाही. गाडीबद्दल वेगळं विचारायचं.

तिसरं, मान. गाडी बंद ठेवून, पट्टा लावून बसायचं. घरातल्या कुणीतरी डाव्या मागच्या दाराच्या काचेशी उभं राहून बोटं दाखवायची, आणि चालकानं कंबर न उचलता मान वळवून ती मोजायची. मग उजवीकडून. मोजता आली नाहीत तर लेन बदलताना आरशाबाहेरचा तो पट्टा कायमचा काळा आहे. यावर पन्नास-शंभर रुपयांचा चिकटवायचा गोल बहिर्वक्र आरसा खरोखर मदत करतो. मात्र त्यात सगळं लांब वाटतं, त्यामुळे ‘कोणी आहे का’ एवढंच त्यात बघावं, ‘किती लांब आहे’ हे नाही.

चौथं, पाय, आणि इथे जरा थांबायला हवं. पार्किंगमध्ये भिंत फोडून जाणारी गाडी बहुतेक वेळा ब्रेक फेल झालेली नसते, पाय चुकलेला असतो. तपासणी अशी: इंजिन बंद, उजवं दार उघडं, कोणीतरी बाहेर उकिडवं बसून फक्त पायाकडे बघायचं. चालकानं समोर बघत ॲक्सिलेटरवरून ब्रेकवर आणि परत, असं दहा वेळा करायचं. टाच जमिनीवर राहते की पाय हवेत तरंगतो? ब्रेकवर पाय मधोमध पडतो, की बुटाची कड पेडलच्या काठाला घासून जाते? दहातून एकदा जरी चप्पल पेडलच्या खाली अडकली तर चपलेवर गाडी बंद. मागे पट्टा असलेली सँडल किंवा पातळ तळाचा बूट हवा. मधुमेह दहा-पंधरा वर्षांचा असेल तर तळव्याची संवेदना कमी होते. आपण पेडल किती दाबलंय हे माणसाला पायानं कळत नाही, इंजिनच्या आवाजावरून कळतं. डॉक्टरांकडे १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटनं, म्हणजे नायलॉनच्या एका बारीक तंतूनं, तळवा दोन मिनिटांत तपासून होतो. मागून घ्या.

यावर घरोघरी निघणारा उपाय म्हणजे ‘बाबांना ऑटोमॅटिक घेऊन देऊ’. गुडघेदुखीसाठी ठीक, पण सावध राहावं. चाळीस वर्षं क्लच दाबलेला डावा पाय घाईच्या क्षणी क्लच शोधतो आणि रुंद ब्रेकवर आदळतो. दुसरं, ऑटोमॅटिक गाडी ड्राइव्हमध्ये ब्रेक सोडला की आपोआप सरकायला लागते. त्या सरकण्यानं दचकून पाय ॲक्सिलेटरवर पडला की संपलं. मॅन्युअलमध्ये गोंधळलेल्या पायानं गाडी बंद पडते, इथे ती उडी मारते. ऑटोमॅटिक घ्यायचीच तर पाय आणि डोकं तल्लख असताना घ्यावी. जमेनासं झाल्यावरचा शेवटचा उपाय म्हणून घेऊ नये. आणि घेतल्यावर पंधरा दिवस मोकळ्या मैदानात डावा पाय मुद्दाम मागे दुमडून सराव करावा.

पाचवं, गोळ्या. नमुन्यात याचा एक शब्द नाही. झोपेसाठी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम घेणाऱ्याची गुंगी सकाळी उतरलेली असतेच असं नाही. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन तसंच. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू झालं की उभं राहताना चक्कर येऊ शकते, पहिले काही दिवस जास्त. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर अचानक उतरते. ब्रिटनमध्ये अशा चालकांना सांगितलेला नियम आपल्याही कामाचा आहे: निघण्याआधी साखर मोजा, ९० च्या खाली असेल तर आधी खा. साखर उतरून त्रास झालाच तर ती जागेवर आल्यावरही ४५ मिनिटं स्टिअरिंगला हात लावू नका, कारण आकडा सुधारला तरी डोकं मागून सुधारतं. डॅशबोर्डच्या खणात ग्लुकोजच्या गोळ्या हव्यात. उन्हात वितळणारं चॉकलेट नको.

राहिला मेंदू. हे एका बैठकीत कळत नाही, रस्त्यावर कळतं. वीस मिनिटांची एक ठरावीक फेरी आखा, ज्यात सिग्नल नसलेल्या चौकात दोन उजवी वळणं, एक यू-टर्न, एक शाळेचा किंवा मंडईचा रस्ता आणि शेवटी उलटं पार्किंग असेल. उजवी वळणं मुद्दाम, कारण आपल्याकडे उजवीकडे वळताना समोरच्यांची रांग कापावी लागते. समोरची गाडी किती लांब, तिचा वेग किती, आपल्याला किती वेळ, असे तीन हिशेब एकदम करायचे असतात. वय झालं की सगळ्यात आधी हाच हिशेब चुकायला लागतो. चालक एक तर वाजवीपेक्षा जास्त थांबतो, मागचे हॉर्न मारतात, आणि मग त्या हॉर्नला घाबरून नको तेव्हा घुसतो. शेजारी बसणाऱ्यानं बोलायचं नाही, फक्त चार गोष्टी बघायच्या: वळण्याआधी आरसा पाहिला का, इंडिकेटर वळल्यावर बंद केला का, ६० च्या रस्त्यावर कारण नसताना ३० वर आहे का, आणि आपला स्वतःचा उजवा पाय पुढच्या मॅटवर किती वेळा दाबला गेला. शेवटचं सगळ्यात खरं माप आहे. शेजाऱ्याचा पाय खोटं बोलत नाही.

ही फेरी दर सहा महिन्यांनी, त्याच रस्त्यानं, त्याच वेळी. सोबत गाडीचे चारही बाजूंनी तारखेचे फोटो. ओरखडे कुठे आहेत ते वाचता येतं. डाव्या मागच्या दारावर आणि चाकाच्या कमानीवर नवे ओरखडे म्हणजे डावी बाजू नजरेतून सुटतेय. पुढच्या बंपरच्या कोपऱ्यावर म्हणजे अंतराचा अंदाज जातोय. रिमच्या कडा खरवडलेल्या म्हणजे फुटपाथ दिसत नाही. एक ओरखडा कोणालाही पडतो, पण सहा महिन्यांत तीन नवे आणि तिन्हींचं कारण ‘वॉचमननं नीट सांगितलं नाही’ असेल तर वॉचमन निर्दोष आहे.

काही गोष्टींत मात्र फेरी-बिरी नाही, त्याच दिवशी थांबायचं. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, पेडल एकदा जरी चुकणं, चुकीच्या बाजूनं शिरूनही लक्षात न येणं, बसल्या बसल्या शुद्ध हरपणं किंवा झटका येणं. फिट आणि अचानक शुद्ध हरपण्याबद्दल नमुना १ मध्ये सरळ प्रश्न आहे, आणि खाली सही आपली असते. शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या अयोग्य असल्याचं माहीत असून गाडी चालवणं हा कलम १८६ खाली गुन्हा आहे. दंड पहिल्या वेळी १,००० रुपये इतका किरकोळ असला, तरी अपघातानंतर त्या सहीचा अर्थ बदलतो.

घरच्यांचं ऐकलं जात नसेल, आणि बहुधा नसतंच, तर मोटार ट्रेनिंग स्कूलची दुहेरी पेडलवाली गाडी एक तासासाठी घ्या. शिक्षकाच्या पायाशी ब्रेक-क्लच असतो, त्यामुळे धोका कमी. शिक्षकाला आधीच फोनवर सांगा की शिकवायचं नाहीये, मत हवंय, आणि वरच्या चार गोष्टी त्याला द्या. न सांगता गेलात तर तो ‘काका, छान चालवता’ म्हणून पैसे घेईल, कारण त्याच्याकडे येणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलांच्या मानानं काका छानच चालवतात. आपल्याकडे ज्येष्ठ चालकांचं वैद्यकीय आणि रस्त्यावरचं एकत्र मूल्यमापन सहज मिळत नाही. तोवर परक्या माणसाचा हा एक तास त्यातल्या त्यात बरा. मुलगा म्हणाला तर अपमान वाटतो, शिक्षक म्हणाला तर माहिती वाटते.

बाजारातल्या वस्तूंबद्दल थोडक्यात. रिव्हर्स कॅमेरा घ्यावा, मान न वळणाऱ्याला त्याचा खरा उपयोग होतो. उतरताना फिरणारी गोल गादी कमरेला आराम देते, पण ती आसनावर पक्की बसत नसेल तर घेऊ नये, ब्रेक दाबताना माणूस घसरतो. गादीनं उंची वाढली तर आरसे पुन्हा लावायचे. ‘नाइट ड्रायव्हिंग’ म्हणून विकले जाणारे पिवळे चष्मे घेऊ नयेत. आधीच कमी पोचणारा प्रकाश ते आणखी अडवतात. दिव्याचा त्रास कमी वाटतो आणि रस्ता ओलांडणारा काळ्या कपड्यातला माणूसही कमी दिसतो. त्यापेक्षा समोरची काच आतून पुसा. आतल्या बाजूला बसलेला प्लॅस्टिकचा धुरकट थरच अर्धा त्रास देत असतो.

थांबणं एका झटक्यात करायची गरज नसते, आणि क्रम ठरलेला बरा. सगळ्यात आधी दुचाकी. घराघरात उलटं होतं. गाडी बंद केली जाते आणि ‘फक्त भाजीपुरती’ म्हणून स्कूटर राहते. स्कूटर साधारण शंभर किलोची असते. थांबताना ओल्या रंगीत पट्ट्यावर पाय सरकला तर ती सत्तरीच्या गुडघ्याला सावरत नाही, आणि खुब्याचं हाड मोडायला वेग लागत नाही. त्यानंतर रात्र आणि पाऊस. मग घाट आणि एक्स्प्रेस-वे. १०० च्या वेगाला सेकंदाला अठ्ठावीस मीटर जातात, आणि प्रतिक्रियेला अर्धा सेकंद जास्त लागला तर चौदा मीटर वाढतात. शेवटी राहतो तो दिवसाउजेडी, ओळखीचा, पाच किलोमीटरच्या आतला रस्ता. तो चांगली दोन-तीन वर्षं पुरतो.

तोही सुटला की पर्याय पैशांत मोजून दाखवावेत, त्यानं वाद पटकन मिटतो. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचा दर पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे आहे. पाच किलोमीटरला ८६ रुपये होतात. महिन्याला वीस फेऱ्या धरल्या तर सुमारे १,७२०. घरी उभ्या गाडीचा विमा, सर्व्हिसिंग, पार्किंग आणि बॅटरी बाराने भागून बघा. बऱ्याच घरांत रिक्षा स्वस्त पडते. एसटीत पंचाहत्तरीपुढे प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, आणि बायकांना वयाची अट न लावता अर्धं. पण एसटीच्या पायऱ्या उंच असतात, मोफत तिकिटानं गुडघा वाकत नाही.

तासावर मिळणारा ड्रायव्हर हा मधला मार्ग, आणि लग्नकार्य, दवाखाना, गावी जाणं यांसाठी उत्तम. बोलावण्याआधी त्याचं लायसन एम-परिवहन या सरकारी ॲपवर तपासा, वर्ग आणि मुदत दोन्ही. गाडीच्या पॉलिसीत पगारी चालकाच्या जबाबदारीचं कलम घेतलंय का बघा. एका चालकामागे ५० रुपयांच्या आसपास हप्ता असतो आणि बरेच लोक तो विसरतात. ॲपवरून दर वेळी नवा माणूस येतो, आसन मागे सरकवतो, आरसे फिरवतो, आणि दुसऱ्या दिवशी काका तशाच आरशांनी गाडी काढतात. शक्य असेल तर एकच माणूस ठरवून आठवड्याचे दोन दिवस बांधून घ्या. मंगळवार-शुक्रवार गाडी मिळणार हे पक्कं असलं की बाकीचे पाच दिवस किल्लीची आठवण कमी येते.

किल्ली लपवण्याचा उद्योग मात्र करू नये. स्मृतिभ्रंश असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा लपवण्यापेक्षा गाडीच नजरेआड न्यावी, कारण खाली उभी दिसली की रोज नवा वाद होतो. ज्याचं डोकं शाबूत आहे त्याच्या हातात मात्र निर्णय राहू द्यावा. पोर्टलवर इथे एक चांगली सोय आहे, फारशी माहीत नसलेली: लायसनवरचा एखादा वाहनवर्ग परत करता येतो. दुचाकीचा वर्ग सोडून चारचाकीचा ठेवता येतो. आपण होऊन एक वर्ग सोडलेल्या माणसाशी पुढचं बोलणं सोपं जातं. ओळखपत्र म्हणून लायसन हवं असेल तर त्यासाठी ते रिन्यू करत बसायची गरज नाही, आधार आणि पॅन पुरतात.

गाडी विकायचं ठरलं तर वर्षभर उभी ठेवू नका. दोन-तीन आठवड्यांत बॅटरी बसायला लागते, पावसाळ्यात उंदीर वायरिंग खातात, आणि किंमत पडते ती वेगळीच. नमुना २९ आणि ३० वर सह्या करून नावबदल आरटीओत प्रत्यक्ष नोंदला गेल्याचं तपासा. कोऱ्या सह्या दलालाकडे सोडून देऊ नका, पुढची दंडाची चलनं जुन्या मालकाच्या मोबाइलवर येतात. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा. आणि विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र मागून घ्या. ते तीन वर्षं चालतं. मुलानं नवी गाडी काकांच्याच नावावर घेतली आणि चालवायला ड्रायव्हर ठेवला, तर पन्नास टक्क्यांपर्यंतची ती सूट तिथे लावून घेता येते.